व्होलाटाइल लावलंय, तरी केसीसॅन ओरडतोय (किंवा संशय यावा इतका गप्प आहे)

‘केसीसॅनचा रिपोर्ट आलाय, जरा बघतोस का’ म्हणत कुणी लॅपटॉप उघडून शेजारी बसलं, की रिपोर्ट वाचायच्या आधीच मी विचारतो, ‘त्या व्हेरिएबलच्या डिक्लेरेशनवर व्होलाटाइल आहे ना?’ समोरचा चपापतो. ‘हो, पण ते आधीपासूनच होतं.’ व्होलाटाइल म्हणजे ‘दर वेळी खरंच मेमरीत जाऊन वाच-लिही’ असं कंपायलरला सांगणारा शब्द. ते आधीपासूनच असतं. कधीकाळी कुणीतरी मायक्रोकंट्रोलरचं काम सोडून कर्नलमध्ये आलेलं असतं आणि सवयीनं तो शब्द सोबत घेऊन आलेलं असतं. त्यानंतर त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

लिनक्स ड्रायव्हर लिहिणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या आणि केसीसॅन म्हणजे कर्नल कन्करन्सी सॅनिटायझर (डेटा रेस शोधणारं कर्नलमधलं साधन) चालवून बघितलेल्या लोकांसाठी हे लिहितोय. फंक्शनची आणि कॉन्फिगची नावं देवनागरीत आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत आहेत, आणि कॉन्फिगची तर सगळी मोठ्या अक्षरांत. दोन परिच्छेदांत नजर सरावते.

आधी दोन शब्द ठरवून घेऊ. कोडमध्ये नुसतं व्हेरिएबल वाचलं किंवा लिहिलं तर तो ‘प्लेन’ अ‍ॅक्सेस. रीड_वन्स, राइट_वन्स (‘एकदाच वाच’, ‘एकदाच लिही’ असं कंपायलरला बजावणारे मॅक्रो), अटॉमिक फंक्शन (मध्ये कुणाला घुसू न देता एका झटक्यात काम करणारं) अशा कशातून तरी केला तर ‘मार्क्ड’. एकाच जागेवर दोन अ‍ॅक्सेस एकाच वेळी येतात, त्यातला निदान एक लिहिणारा आणि निदान एक प्लेन असतो, तर कर्नलच्या हिशेबी ती डेटा रेस. दोन्ही मार्क्ड असतील तर नाही. या शेवटच्या छोट्या वाक्यात पुढची सगळी गोची आहे.

लक्षणं

तक्रार साधारण चार तऱ्हांनी येते.

पहिली तऱ्हा सगळ्यात चिडवणारी. व्हेरिएबल व्होलाटाइल आहे, कुणी वरून रीड_वन्ससुद्धा घातलंय, तरी प्रत्येक रात्रीच्या टेस्टमध्ये तोच रिपोर्ट परत येतो.

दुसरी: तुमच्या मशीनवर रिपोर्ट येतो, शेजारच्याच्या मशीनवर नाही. कोड तोच, टेस्ट तीच.

तिसरी: रिपोर्टमध्ये एकाच बाजूचा स्टॅक दिसतो आणि वर ‘रेस अ‍ॅट अननोन ओरिजिन’ असं लिहिलेलं असतं. चोर सापडला नाही, पण घरातली वस्तू हलली आहे एवढं कळलंय.

चौथ्या तऱ्हेत रिपोर्ट मुळी येतच नाही, म्हणून ती सगळ्यात धोक्याची. आकडेवारीतली पॅकेटं कमी भरतात, आर्म बोर्डावर कधीतरी जुनी लांबी वाचली जाते, आणि केसीसॅन शांत. लोक म्हणतात, ‘सॅनिटायझर क्लीन आहे, म्हणजे हार्डवेअरचा दोष.’ हे वाक्य मी हार्डवेअरवाल्यांसमोर एकदा म्हणालोय. पुन्हा म्हणणार नाही.

पहिली तपासणी: कंपायलर आणि मेनू

पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. जीसीसी किंवा क्लँग ११ किंवा त्यापुढचा आहे का ते बघा. नसेल तर कॉन्फिगच्या मेनूत केसीसॅनचा पर्यायच दिसत नाही, आणि माणूस अर्धा दिवस ‘माझ्या कर्नलमध्ये हे का नाही’ म्हणून शोधत बसतो. केसॅन (मेमरीच्या चुका शोधणारं दुसरं साधन) चालू असेल तरी दिसत नाही, कारण दोन्ही एका वेळी चालत नाहीत. डीबग_कर्नल बंद असेल तरी तेच. एक्स८६-६४ वर केसीसॅन २०२० मध्ये ५.८ पासून आहे, आर्म६४ वर ५.१७ पासून. बोर्डाबरोबर आलेला जुना कर्नल असेल तर तिथेच विषय संपला.

कंपायलरची अट कशापायी, हे कळलं की पुढचं निम्मं कोडं आपोआप सुटतं. केसीसॅनला कोडमधले अ‍ॅक्सेस दाखवून देतो तो कंपायलर. प्रत्येक वाचन-लेखनाच्या आधी तो एक छोटा कॉल घालतो. पूर्वी हा कॉल व्होलाटाइल आणि साध्या अ‍ॅक्सेसमध्ये फरक करत नसे. रीड_वन्सच्या आत शेवटी व्होलाटाइल कास्टच असतं, त्यामुळे ‘हा मार्क्ड आहे बरं का’ हे केसीसॅनला वेगळं सांगावं लागे. त्यासाठी रीड_वन्स आणि राइट_वन्सच्या पोटात हातानं तपासणीचे कॉल घातलेले होते. जिफीजसारखी (जिफीज म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे ठोके मोजणारा काउंटर) जुनी व्होलाटाइल व्हेरिएबल्स तर या मॅक्रोंतून जातच नाहीत. त्यांच्यासाठी केसीसॅनच्या कोडमध्ये चक्क नावानिशी अपवाद लिहिला होता: पत्ता जिफीजचा असेल किंवा चालू टास्कच्या स्टेटचा असेल, तर सोडून द्या. लग्नाच्या मांडवात दारावर बसलेल्या काकांनी ओळखीचे चेहरे बघून आत सोडावं, तसा कारभार.

२०२० मध्ये कंपायलरलाच व्होलाटाइल वेगळं ओळखायला शिकवलं गेलं. तेव्हापासून व्होलाटाइल अ‍ॅक्सेससाठी तो वेगळ्या नावाचा कॉल घालतो. केसीसॅन तिथे दोनच गोष्टी बघतो: आकार ८ बाइटपर्यंत आहे का, आणि पत्ता त्या आकाराला सरळ बसतो का, म्हणजे अलाइन्ड आहे का. दोन्हीला हो, तर मार्क्ड. एकाला जरी नाही, तर प्लेन. मॅक्रोंच्या पोटातली जोडणी गेली, नावांची यादीही गेली. काम खरंच सोपं झालं, पण त्या सोपेपणाची एक किंमत आहे. तिच्याकडे पाचव्या तपासणीत येतो.

याच पायरीवर आणखी एक बघून घ्या. तुमच्या मॉड्यूलच्या मेकफाइलमध्ये केसीसॅन_सॅनिटाइझ समोर ‘नाही’ लिहिलंय का? कुणीतरी कधीतरी रिपोर्टला वैतागून ती ओळ टाकलेली असते. मग त्या फाइलमधले अ‍ॅक्सेस केसीसॅनला दिसतच नाहीत, आणि समोरच्या फाइलमध्ये ‘अननोन ओरिजिन’ उगवतं. तिसऱ्या लक्षणाची निम्मी प्रकरणं माझ्यासमोर इथेच मिटली आहेत.

दुसरी तपासणी: रिपोर्ट नीट वाचा

लोक फंक्शनची नावं वाचतात आणि उरलेला रिपोर्ट सोडून देतात. खरी माहिती त्या उरलेल्यात असते. माझ्याकडे आलेल्या एका रिपोर्टचा सांगाडा देतो. नावं बदलली आहेत.

बग: केसीसॅन: डेटा-रेस इन कार्ड_पोल / कार्ड_थ्रेड
राइट टू …६२ ऑफ ४ बाइट्स बाय टास्क ४८७ ऑन सीपीयू १
रीड टू …६२ ऑफ ४ बाइट्स बाय टास्क ५१२ ऑन सीपीयू ३
व्हॅल्यू चेंज्ड: ० -> १

व्हेरिएबल व्होलाटाइल होतं. कंपायलर नवा होता. मग ‘रीड’ या शब्दापुढे ‘मार्क्ड’ का नाही? केसीसॅननं मार्क्ड धरलेल्या अ‍ॅक्सेसपुढे तो कंसात तसं छापतो. इथे दोन्ही बाजू कोऱ्या. आता पत्त्याचा शेवटचा अंक बघा: २. चार बाइटची वस्तू अलाइन्ड असेल तर हेक्स पत्ता ०, ४, ८ किंवा सी यांतच संपायला हवा. दोनवर संपतो म्हणजे वस्तू तिरकी बसली आहे, आणि म्हणून केसीसॅननं व्होलाटाइल असूनही तिला प्लेन धरलं. एका अंकावरून निदान झालं. ज्यानं रिपोर्ट आणला होता त्यानं तोवर तीन ठिकाणी रीड_वन्स घालून झालं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘ऑफ किती बाइट्स’ हेही तसंच बोलकं आहे. दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नसतील, समजा एकीकडे ४ आणि दुसरीकडे खूपच मोठा, तर बहुधा कुणीतरी सबंध स्ट्रक्चर मेमसेट केलंय किंवा एका स्ट्रक्चरमधून दुसऱ्यात कॉपी केलंय. आतला एक मेंबर व्होलाटाइल असला तरी सबंध स्ट्रक्चरवर मेमसेट चालवताना कंपायलर चकार शब्द काढत नाही. ड्रायव्हरच्या रीसेटच्या वाटेवर हे हमखास सापडतं: पोलिंग चालूच आहे आणि रीसेटवाला अख्खं स्ट्रक्चर पुसतोय. त्यावर मार्किंग हा उपाय नाही. आधी पोलिंग थांबवा, मग पुसा.

स्टॅकमधले पत्ते ओळींच्या आकड्यांत बदलायला कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली डिकोड_स्टॅकट्रेस वापरा. इनलाइन फंक्शनमुळे दिसतं ते नाव आणि खरी ओळ यांत बरंच अंतर असतं. चुकीच्या ओळीवर रीड_वन्स घालून ‘तरीही येतंय’ म्हणणारे मी पाहिलेत. त्यांत मी पण आहे.

तिसरी तपासणी: दोन मशीनची कॉन्फिग जुळते का

दुसऱ्या लक्षणाचं उत्तर जवळजवळ नेहमी इथे असतं. केसीसॅन मूळ अवस्थेत बराच सोशिक आहे. मशीनच्या शब्दापर्यंतच्या आकाराचं, अलाइन्ड, साधं लेखन तो अटॉमिक समजून चालतो. म्हणजे एकीकडे रीड_वन्स आणि दुसरीकडे प्लेन लेखन असलं, तर नियमानं ती डेटा रेस असूनही तो बोलत नाही. शिवाय पहाऱ्याच्या वेळात, म्हणजे एका जागेपाशी थांबून दुसरं कुणी येतंय का ते बघण्याच्या वेळात, किंमत बदललीच नाही, एकावर पुन्हा एकच लिहिलं, तर तेही सोडून देतो. केसीसॅन_स्ट्रिक्ट चालू केलं की या दोन्ही सवलती जातात आणि तो कर्नलच्या मेमरी मॉडेलचे (कुणाची वाचनं-लेखनं कुणाला कोणत्या क्रमानं दिसू शकतात याचे) नियम जसेच्या तसे लावतो.

स्ट्रिक्टमध्ये आणखी एक गोष्ट मिळते: पहारा चालू असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट येऊ दिला जातो. इंटरप्ट हँडलर आणि साधं टास्क यांच्यातली रेस एकाच सीपीयूवर घडत असेल, तर एरवी ती दिसायची नाही. ड्रायव्हरवाल्यांना हे फार लागतं.

नव्या ड्रायव्हरवर पहिल्या दिवसापासून स्ट्रिक्ट चालू ठेवावं असं माझं मत आहे. जुन्यावर एकदम चालू केलंत तर रिपोर्टांचा पूर येतो, आणि पुरात माणूस दिसेल त्याला रीड_वन्स चिकटवत सुटतो. आधी साध्या अवस्थेतले मिटवा, मग स्ट्रिक्ट.

चौथी तपासणी: तिरकं बसलेलं स्ट्रक्चर

रिपोर्टमध्ये ‘मार्क्ड’ नाही आणि पत्ता तिरका आहे, तर पाहोल हे साधन त्या ऑब्जेक्ट फाइलवर चालवा. स्ट्रक्चरमधला प्रत्येक मेंबर कितव्या बाइटवर बसलाय ते छापून मिळतं. कारण बहुतेक वेळा ‘पॅक्ड’ (मेंबरांमध्ये मोकळी जागा सोडू नकोस ही सूचना) असतं. हार्डवेअरच्या डिस्क्रिप्टरची (कार्ड आणि ड्रायव्हर दोघं वापरतात त्या नोंदीची) मांडणी कोडमध्ये उतरवताना ते लावलेलं असतं, आणि मग त्याच स्ट्रक्चरच्या शेपटाला ड्रायव्हरनं स्वतःचा झेंडा (फ्लॅग) जोडलेला असतो.

केसीसॅन इथे विनाकारण कुरकुर करत नाही. तिरका अ‍ॅक्सेस एका झटक्यात होईल अशी हमी नाही. ६४ बाइटच्या कॅश लाइनची हद्द मध्ये आली तर एक्स८६ वरसुद्धा अर्धं जुनं, अर्धं नवं वाचलं जाऊ शकतं. व्होलाटाइल म्हणजे कंपायलरला ‘यात हुशारी करू नकोस’ असं बजावणं. प्रोसेसरला त्याचं सोयरसुतक नाही.

उपाय सोपा आहे. हार्डवेअरची मांडणी वेगळ्या पॅक्ड स्ट्रक्चरमध्ये राहू द्या, ड्रायव्हरचे झेंडे बाहेर साध्या स्ट्रक्चरमध्ये आणा. बिटफील्ड असतील तर तीही फोडा. त्यांचा पत्ता घेता येत नाही म्हणून रीड_वन्स चालत नाही. शिवाय एक बिट लिहिताना कंपायलर शेजारची बिटंही वाचून परत लिहितो. दोन बिटं दोन वेगळ्या लॉकखाली असतील तर ते दोन्ही लॉक असून नसल्यासारखे.

पाचवी तपासणी: व्होलाटाइल काढून बघा

इथून पुढे वेळ लागतो, आणि खरा आजार बहुतेक इथेच सापडतो.

डिक्लेरेशनवर व्होलाटाइल असलं की त्या व्हेरिएबलचा प्रत्येक अ‍ॅक्सेस व्होलाटाइल होतो: लॉकच्या आतला, बाहेरचा, इनिशिअलायझेशनचा, सगळे. आणि नव्या कंपायलरबरोबर केसीसॅन प्रत्येक अलाइन्ड व्होलाटाइल अ‍ॅक्सेसला मार्क्ड मानतो. मार्क्ड अ‍ॅक्सेसवर तो पहारा बसवतच नाही. दोन मार्क्ड एकमेकांना भिडले तरी ती डेटा रेस नाही. म्हणजे डिक्लेरेशनवरचा तो एक शब्द त्या व्हेरिएबलपुरता सॅनिटायझर बंद करून टाकतो. मघाशी म्हटलेली किंमत ही. जुन्या रचनेत असली व्हेरिएबल्स निदान बोंब तरी मारायची. आता ती सभ्यपणे गप्प बसतात.

म्हणून मी असं करतो. वेगळ्या ब्रँचवर डिक्लेरेशनमधून व्होलाटाइल काढून टाकतो, बाकी काहीही न बदलता बिल्ड करतो आणि टेस्ट लावून चहाला जातो. ही ब्रँच कुठेही पाठवायची नाही, ती निदानापुरती. परत येईपर्यंत रिपोर्ट जमलेले असतात, आणि ती त्या व्हेरिएबलला खरोखर कोण कोण हात लावतं याची यादी असते. लॉकखाली होणारे अ‍ॅक्सेस त्यात येत नाहीत. येतात ते उघड्यावरचे, आणि आपल्याला तेच हवे असतात.

एका कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ‘आलेली पॅकेटं’ मोजणारा व्होलाटाइल काउंटर होता. दोन रांगा, दोन सीपीयू, दोघंही त्यात एक-एक मिळवत होते. व्होलाटाइल असलं तरी ‘प्लस प्लस’ म्हणजे वाच, वाढव, लिही अशी तीन कामं. दोघांनी एकदम १०० वाचलं तर दोघंही १०१ लिहितात आणि एक पॅकेट हिशेबातून गायब. कार्डाच्या स्वतःच्या रजिस्टरमधला आकडा आणि आमचा आकडा जुळत नव्हता, आणि केसीसॅन महिनोन्‌महिने स्वच्छ होता. व्होलाटाइल काढलं आणि पहिला रिपोर्ट त्याच काउंटरचा आला.

कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये व्होलाटाइल का वापरू नये यावर एक सबंध प्रकरण आहे. कुठे चालतं तेही त्यात सांगितलंय, आणि त्या मोजक्या अपवादांत जिफीज येतं. तुमचा काउंटर जिफीज नाही.

सहावी तपासणी: कोणत्या दुखण्याला कोणतं औषध

यादी हातात आल्यावर प्रत्येक ओळीपाशी एकच विचारायचं: इथे चुकीची किंमत वाचली गेली तर काय होईल?

काहीच होणार नसेल, निव्वळ डीबगसाठी छापत असाल, तर डेटा_रेस मॅक्रो. तो कंपायलरला बांधून ठेवत नाही, केसीसॅनला फक्त ‘हे मला ठाऊक आहे’ एवढं सांगतो. वाचणाऱ्यालाही सांगतो, आणि ते जास्त महत्त्वाचं.

झेंडा असेल, म्हणजे एक जण लिहितो, दुसरा बघतो, आणि त्यावर दुसरं काही अवलंबून नाही, तर रीड_वन्स आणि राइट_वन्सची जोडी. दोन्ही बाजूंना. आणि शेजारी एका ओळीची टीप: लॉक का नाही.

मोजणी असेल तर अटॉमिक किंवा प्रत्येक सीपीयूचा वेगळा काउंटर. वर सांगितलेल्या काउंटरवर पहिली दुरुस्ती म्हणून कुणीतरी राइट_वन्सच्या आत रीड_वन्स अधिक एक असं लिहून आणलं होतं. रिपोर्ट गेला. पॅकेटं हरवायची ती हरवतच राहिली, कारण तीन कामं तीनच राहिली, त्यांच्यावर फक्त शिक्के बसले. हा पॅच दिसला की मी तो परत पाठवतो. रिपोर्ट होता तेव्हा निदान चूक दिसत तरी होती.

झेंड्यामागे माल असेल, म्हणजे आधी बफर भरला, लांबी लिहिली आणि मग ‘तयार’ उभारलं, तर नुसतं वन्स पुरत नाही. लिहिणाऱ्याकडे एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि वाचणाऱ्याकडे एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर लागतं. आर्म बोर्डावर जुनी लांबी वाचली जात होती ती याच चुकीनं. दोन्ही व्हेरिएबल्स व्होलाटाइल केली असती तरी प्रोसेसरनं त्यांचा क्रम उलटा दाखवला असता. एक्स८६ दोन लेखनांचा क्रम बाहेर उलटा दिसू देत नाही, त्यामुळे आमच्या टेबलावरच्या मशीनवर ते कधीच सापडलं नाही.

आणि बहुसंख्य वेळा खरं उत्तर असतं: लॉक घ्या. लॉक घेतलात तर व्होलाटाइल नको, वन्सही नको. ‘लॉक महाग पडतो’ असं कुणी म्हणालं तर मोजलेला आकडा मागायचा. मला आजवर क्वचितच मिळालाय.

मालक एकच आहे अशी खात्री असेल, म्हणजे हे व्हेरिएबल फक्त हाच थ्रेड लिहितो, तर तिथे असर्ट_एक्सक्लुझिव्ह_रायटर घाला. दुसऱ्या कुणी लिहिलं, अगदी मार्क करून लिहिलं तरी, केसीसॅन बोलतो. गप्प करणाऱ्या साधनांइतकंच हे बोलतं करणारं साधन वापरायला हवं, पण ते कुणाला आठवत नाही.

सातवी तपासणी: रिपोर्ट येत नाही, पण शंका जात नाही

केसीसॅन नमुने घेऊन काम करतो. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक सीपीयूवर साधारण ४,००० अ‍ॅक्सेस सोडून एकावर तो पहारा बसवतो, आणि तिथे टास्कमध्ये ८० मायक्रोसेकंदांपर्यंत, इंटरप्टमध्ये २० पर्यंत थांबतो. त्या वेळात दुसरा कुणी तिथे आला तरच सापडतो. तेव्हा एका रात्रीची शांतता म्हणजे काही प्रमाणपत्र नव्हे. स्किप_वॉच कमी करा, यूडिले_टास्क वाढवा. दोन्ही बूट करताना देता येतात आणि चालू कर्नलमध्येही बदलता येतात. व्हर्च्युअल मशीनला निदान चार सीपीयू द्या.

क्रमाचा संशय असेल तर केसीसॅन_वीक_मेमरी चालू करा. ५.१७ पासून हे आहे. बॅरिअर (आधीचं-नंतरचं उलटसुलट होऊ न देणारी सूचना) नसेल तर अ‍ॅक्सेस उशिरा झाला असता, अशी कल्पना करून केसीसॅन तो फंक्शनच्या शेवटापर्यंत तपासत राहतो, आणि सापडलं की रिपोर्टमध्ये ‘रीऑर्डर्ड’ असा शब्द येतो. वरची जुनी लांबीची चूक अशी एक्स८६ वरही पकडता येते. पण त्याला फक्त उशीर करता येतो. वेळेआधी वाचून ठेवण्याची नक्कल त्याला जमत नाही. म्हणजे वाचणाऱ्याकडचं अ‍ॅक्वायर विसरलात तर तो तुम्हाला वाचवणार नाही.

‘अननोन ओरिजिन’ अजून उरलं असेल आणि मेकफाइल स्वच्छ असेल, तर लिहिणारा कदाचित सीपीयू नाहीच. डीएमएनं, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता थेट मेमरीत, कार्डच त्या डिस्क्रिप्टरमध्ये लिहीत असेल. तिथे स्टेटस रीड_वन्सनं वाचा, आणि त्यानंतरची फील्ड्स वाचण्याआधी डीएमए_आरएमबी हा बॅरिअर घाला. रीड_वन्स लागताच रिपोर्ट थांबेल, कारण आता तिथे पहाराच नाही. बॅरिअर राहिला तर केसीसॅन काही सांगणार नाही. ते तुम्हालाच आठवायला हवं.

इथे थांबा

एसएमपी_एमबी हा बॅरिअर टाइप करत असाल आणि त्याच्या जोडीचा बॅरिअर समोरच्या कोडात नेमका कोणत्या ओळीवर आहे हे बोट ठेवून सांगता येत नसेल, तर कीबोर्ड सोडा. आरसीयूच्या (वाचणाऱ्याला लॉक न घेता वाचू देणाऱ्या पद्धतीच्या) याद्यांमध्ये रेस निघाली, स्टॅक तुमच्या ड्रायव्हरमधून निघून शेड्यूलर किंवा मेमरी मॅनेजमेंटच्या आत गेला, ३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटची किंमत वाटून घेतली जातेय, किंवा चुकीची किंमत डिस्कवर लिहिली जाण्याची शक्यता आहे, यातलं काहीही असेल तर स्वतः पॅच रचू नका. हे मेंटेनरचं काम आहे. कुणाला विचारायचं ते गेट_मेंटेनर स्क्रिप्टला फाइलचं नाव दिलं की कळतं. कंपनीच्या आतलाच ड्रायव्हर असेल तर मेमरी मॉडेल खरंच येणारा माणूस शोधा. ‘मला येतं’ म्हणणारा नको, लिटमस टेस्ट (मेमरीच्या क्रमाची छोटी चाचणी) लिहून हर्ड या साधनात चालवून दाखवणारा हवा.

त्यांच्याकडे जाताना रिपोर्ट पूर्ण न्या, वरून चार ओळी कापून नको. सोबत कर्नलची आणि कंपायलरची आवृत्ती, केसीसॅनची सगळी कॉन्फिग, स्ट्रिक्ट होतं की नव्हतं, किती वेळात किती वेळा आलं. आणि व्होलाटाइल काढलेल्या ब्रँचवरचे रिपोर्टही जोडा, ते कशावरचे आहेत हे स्पष्ट लिहून. मी पहिल्यांदा ते जोडले नव्हते. मेंटेनरचा पहिला प्रश्न आला: ‘हे व्होलाटाइल इथे कशासाठी आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिटचा इतिहास मागे मागे उलगडत गेलो, तर ती ओळ ड्रायव्हरच्या पहिल्याच कमिटमध्ये होती आणि कमिटचा संदेश होता: ‘इनिशिअल व्हर्जन’.